दोरीवरचा सुलटा शर्ट

करडी
३ ऑगस्ट २०२५

राजूभाऊ,

सोबत राखी आहे. यंदाही दुकानातल्या सगळ्यात भडक राखीवरच माझा हात गेला. ड्यूटीवर जाताना तू ती शर्टाच्या बाहीत लपवतोस, हे मला रितावहिनीनं केव्हाच सांगितलंय. लपव, पण बांध.

परवा तू फोन आपटलास. तू म्हणशील, आधी मी ओरडले. ओरडले! पण आमच्याकडे माझे सासरे, म्हणजे दादाजी, दिवसभर पुढच्या खोलीत बसलेले असतात. त्यांना कमी ऐकू येतं ते फक्त कामाचं. तू फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "कोनाच्या घरी चोरी झाली?" म्हणून आता या विषयावर फोन बंद. काय भांडायचं ते पत्रात भांडू. पत्रात मधे तोंड घालता येत नाही, आणि तुझ्याशी भांडायचा तेवढा एकच मार्ग उरला आहे.

आधी सगळं लिहून ठेवते, म्हणजे नंतर "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणायला तुला जागा नको. 'सातवा फाटा' या पिक्चरचं शूटिंग आपल्या माहेरी आंधळगावात झालं, म्हणून आपण सगळे तुमसरला जाऊन तो पाहून आलो. त्यात गोपी नावाचा पोरगा सराफाचं दुकान लुटतो आणि थोरल्या भावाच्या नकळत त्याच्याच घरी माळ्यावर लपतो. भावाची बायको यमुना त्याला जेवू घालते, त्याचे कपडे धुते, माया करते. एक दिवस ती त्याचा निळ्या चौकड्यांचा शर्ट पुढच्या अंगणात वाळत घालते. बियाणं विकणारा बनून फिरणारा इन्स्पेक्टर तो शर्ट ओळखतो आणि गोपी पकडला जातो. पुढे नवरा यमुनेशी जन्मभर बोलत नाही.

तू म्हणतोस, तिनं जाणूनबुजून घरच्या पोराला धरून दिलं. मी म्हणते, तिला काही माहीत नव्हतं. श्रावण होता, घरामागच्या सांदवाडीत ऊन नव्हतं, बाईनं धुणं पुढे घातलं. ज्याला आयुष्यात कोणी ओला टॉवेल दोरीवर टाकायला सांगितला नाही, त्यानं यात बोलू नये.

तुझी टीना पंधरा दिवसांनी एकदा नागपूरहून येऊन जाते. बरी आहे. खाते कमी, हसते जास्त.

तुझी,
रेणू


चिखला
१२ ऑगस्ट २०२५

चि. रेणू,

राखी पोचली. बांधली. बाहीत लपवली. तरी खाणीच्या लॅम्परूममधल्या पोरानं पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्या हातात ट्रकचा लाइट काहून लावला?"

आता तुझ्या टॉवेलबद्दल. मॅडम, गेली सत्तावीस वर्षं माझे ड्यूटीचे कपडे मी स्वतः धुतो. मँगनीजची काळी भुकटी घरच्या बादलीत चालणार नाही, हा तुझ्या वहिनीचा लग्नाच्या पहिल्या आठवड्यातला कायदा आहे. मी कॉलनीच्या नळावर धुतो आणि मीच वाळत घालतो. तेव्हा दोरीबद्दल बोलायचा अधिकार मला तुझ्याइतकाच आहे, वर साबणाचा अनुभव जास्त.

तू टॉकीजमध्ये पदर तोंडाला लावून रडत होतीस, तुला पडदा दिसला कधी? मी खास दुसऱ्यांदा जाऊन आलो. त्या दोरीवर यमुनेचं पोलकं आहे, उलटं. नवऱ्याचा सदरा आहे, उलटा. उन्हानं रंग उडू नये म्हणून शहाणी बाई कपडा उलटा करूनच वाळत घालते. आणि एकटा गोपीचा शर्ट सुलटा! चौकडा रस्त्यावरून दिसेल असा, बाह्या पसरून. ऊन नव्हतं म्हणून पुढे घातला, मान्य. पण मग सुलटा काहून? बोल.

तिला माहीत होतं, रेणू. आणि मला राग त्याचाच आहे. चोरी करणाऱ्याला मी एक वेळ माफ करीन. पण एका घरात राहून, ताटाला ताट लावून जेवून, मनात काही वेगळंच ठेवणाऱ्या माणसाला नाही. मी तिच्या नवऱ्याच्या जागी असतो तर मीही बोललो नसतो.

टीनाला काही विचारलं तर "चाललंय" म्हणते. कंप्युटरच्या डिप्लोम्याचं शेवटचं वर्ष, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात ती एसीच्या खोलीत खुर्चीवर बसलेली असेल. आई आपल्याकडे कॉलनीत राहायला आल्यापासून माझ्या प्रत्येक पाळीला दारात उभी राहायची, मी वर येऊन दिसेपर्यंत घास घ्यायची नाही, तुला आठवतं ना? तिला मी शब्द दिला होता की या घरातून खाणीत खाली उतरणारा मी शेवटचा. टीना खुर्चीवर बसली की तो शब्द पुरा झाला.

शर्टाचं उत्तर दे. रडायचं नाही.

राजू


करडी
१७ ऑगस्ट २०२५

लाडके टीना,

हे पत्र लाडवाच्या डब्यात तळाशी ठेवलंय, म्हणजे तू लाडू संपवल्याशिवाय तुला मिळणार नाही. फोनवर हे बोलता येत नाही. इथे दादाजी आहेत आणि तुझ्या तिथे तीन मैत्रिणी कान लावून.

तुझ्या बाबांचं पत्र आलंय. तुझं कंप्युटर छान चाललंय असं त्यांना वाटतं. पोरी, पहिल्या वर्षाच्या दुसऱ्याच महिन्यात तू कंप्युटर सोडून मायनिंगच्या वर्गात जाऊन बसलीस, तेव्हापासून मी तुझी ती खाणकामाची निळी डांगरी धुते, तुझे बूट धान्याच्या कोठीमागे लपवते, आणि माझ्याच नवऱ्याला, तुझ्या वीरेंद्रकाकांना, सांगते की हे धानाच्या रोवणीसाठी आणले. त्या बुटांत काकांचा अंगठाही जात नाही. ते बिचारे काही विचारत नाहीत.

इतके दिवस निभावलं. पण आता दिवाळीनंतर तुमचं प्रत्यक्ष कामाचं शिक्षण आहे आणि तुला मिळाली आहे चिखल्याची खाण. जगात दुसरी खाण नव्हती? एक दिवस सकाळच्या पाळीला खाणीत उतरणाऱ्या लिफ्टच्या पिंजऱ्यात तुझे बाबा उभे असतील आणि त्यांच्या शेजारी हेल्मेट घालून तू येऊन उभी राहशील. सगळ्या पाळीसमोर त्यांना कळणार की आत्याला माहीत होतं, बापालाच नव्हतं. ते रागावतील म्हणून मला भीती नाही वाटत. ते गप्प बसतील याची वाटते. तुझी आजी गेली तेव्हा ते असेच गप्प बसले होते.

तू मला शपथ घातलीस की बाबांना एक शब्द बोलायचा नाही आणि एक शब्द लिहायचा नाही. मी पाळते आहे. पण तू कधी सांगणार ते सांग. लाडू मैत्रिणींना दे.

आत्या


नागपूर
२६ ऑगस्ट २०२५

आत्या,

लाडू एका दिवसात संपले, म्हणून पत्र लवकर मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा पोस्टाचं तिकीट विकत घेतलं. डब्यात पत्र पाठवणारी तू जगात एकटीच असशील.

सांगणार आहे गं. गणपती होऊ दे. नाहीतर दसरा. फार तर दिवाळीत, सगळे घरी असतात तेव्हा. मी आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. "बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय" इथपर्यंत छान जमतं.

खरं सांगू? खाली उतरायची ओढ मला त्यांनीच लावली. मी लहान असताना ते जेवताना पोळीचा डोंगर करायचे, भाताच्या शितांनी बोगदे काढायचे, आणि मँगनीज म्हणून मिठाची चिमूट टाकून म्हणायचे, "हे पाय, इथं माल हाये." आई ओरडायची, अन्नाशी काय खेळता. माझ्या वर्गात नकाशा सगळ्यात आधी मला वाचता येतो, तो त्या पोळीमुळे. हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? की तुम्हीच शिकवलंत आणि तुम्हालाच चोरून शिकतेय?

माझ्या तोंडूनच कळायला हवं त्यांना. शपथ आठवते ना? एक शब्दही नाही.

टीना

ता. क. डांगरीची कमर अजून सैल होते. पुढच्या वेळी शिवशील?


करडी
२ सप्टेंबर २०२५

राजूभाऊ,

पोळा झाला, गणपती बसले, म्हणून उशीर. शर्टाचं उत्तर मागितलं होतंस. घे.

शर्ट सुलटा होता. मी रडत होते, मला दिसला नाही. तू जिंकलास. हे वाक्य वहिनीला मोठ्यानं वाचून दाखव, पुन्हा मिळणार नाही.

पण भाऊ, समजा तिला माहीत होतं. मग पुढे काय? गोपीनं तिला गळ्याची शपथ घातली होती, तो सीन तुला आठवतो का? "वहिनी, दादाला एक शब्द बोलायचा नाही." तिनं मान हलवली होती. दुसरीकडे गोपीचे जुने साथीदार गाव हुंगत आले होते. दोन दिवसांत ते माळ्यावर चढले असते आणि पोरगा जिवानिशी गेला असता. शब्द बोलायची सोय नाही आणि गप्प बसायचीही नाही. अशा वेळी बाईनं काय करावं, तूच सांग. तिनं घात केला म्हणतोस. मला तर वाटायला लागलंय, तिनं तोंड न उघडता त्याला हात देऊन बाहेर काढलं.

आणि एक विचारते, रागावू नको. त्या घरात नवरा इतका खरा, इतका कडक, की त्याला सरळ जाऊन सांगायची कोणाची छाती झाली नाही. गोपीची नाही, यमुनेचीही नाही. मग सगळा दोष दोरीचाच का? कोणाला काही सांगायचं असलं तर माणसं आपल्यापाशी येतात की आपल्याला वळसा घालून जातात, याचा विचार त्या नवऱ्यानं कधी केला असेल?

दादाजींनी आज विचारलं, "त्या चोराचं काय झालं?" मी म्हटलं, निकाल लागायचा आहे.

रेणू


चिखला
१४ सप्टेंबर २०२५

चि. रेणू,

तुझं हरल्याचं वाक्य वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "रेणू अशी लवकर हारत नाही. काहीतरी आहे." तुझी वहिनी पोलिसात असायला हवी होती.

मीही स्वस्थ बसलो नाही. गेल्या रविवारी आंधळगावला गेलो आणि थेट साक्षीदाराला गाठलं. शूटिंग झालं ते घर आपल्या बेबीबाईच्या शेजारचं, आणि सिनेमातलं ते धुणं दोरीवर कोणी घातलं असेल? बेबीबाईनं! तिला पिक्चरवाल्यांनी त्या कामासाठी बोलावलं होतं. मी चहा पीत पीत उलटतपासणी घेतली. तिची जबानी जशीच्या तशी देतो.

"मले पिक्चरवाल्या पोरीनं सांगतलं, मावशी, तुमी घरी टाकता तसे कपडे टाका. म्या टाकले. सप्पा उलटे. मंग थो टोपीवाला डायरेक्टर आला अन् तेवढी एक कमीज सुलटी करून गेला. म्या म्हटलं, काहून जी, रंग उडते न! मंग हिरोईन आली. त्या कमिजीकडं लय वेळ पाहून राहिली. मले म्हनते, मावशी, तुमच्या घरी तुमी अशी टाकाल का? म्या म्हटलं, टाकीन न, कोनाले दाखवाची असन तं!"

ऐकलंस? "कोनाले दाखवाची असन तं." खटला संपला. यमुनेला माहीत होतं, डायरेक्टरला माहीत होतं, बेबीबाईलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त तुला.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, जो तू मोठ्या हुशारीनं यमुनेच्या नवऱ्याच्या नावावर टाकलास. मी खाणीत काम करतो, पण डोक्यात दगड भरलेले नाहीत. टीनाचं काहीतरी आहे. ती दर पंधरा दिवसांनी आईबापाकडे न येता तुझ्याकडे येते. मागे वीरेंद्र बोलता बोलता म्हणाला की तुमच्या कोठीमागे लहान मापाचे गमबूट आहेत आणि ते कोणाचे हे त्याला कळत नाही. मी हिशेब केला. हा कोणीतरी शेतीवाला पोरगा आहे, पायानं लहान, आणि टीना त्याला तुझ्याच घरी भेटते. खरं की नाही?

घाबरू नको, मी कुऱ्हाड घेऊन येत नाही. पण पाहीन तर खरं, माझा जावई कोण ते. येत्या रविवारी, २१ तारखेला, सकाळच्या गाडीनं येतो. जेवायला थांबणार नाही, चहा ठेव.

राजू

ता. क. मला वळसा घालून जावं असा मी माणूस आहे का गं? वहिनीला विचारलं तर ती हसत आत निघून गेली.


करडी
२३ सप्टेंबर २०२५

राजूभाऊ,

तू आलास, चहा प्यालास, दादाजींशी धानावरच्या करप्याबद्दल तासभर बोललास आणि गेलास. कोणत्याही पोराचं नाव काढलं नाहीस. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवलास. असा हात तू माझ्या लग्नात ठेवला होतास, त्यानंतर परवाच. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. काल वरणात दोनदा मीठ घातलं. दादाजींना मात्र चवीचं सगळं कळतं.

तुला मी काही सांगू शकत नाही. बोलू शकत नाही आणि लिहूही शकत नाही. का, तेही लिहू शकत नाही. म्हणून यमुनेबद्दल लिहिते. तिच्याबद्दल लिहायची मला कोणी शपथ घातलेली नाही.

समज, यमुनेनं एक कपडा पुढच्या अंगणात वाळत घातला. समज, तो शर्ट नव्हता. निळा जाडजूड कपडा, वरखाली एकच शिवलेला, पाठीवर आणि दंडावर चमकणाऱ्या पट्ट्या, आणि कमरेला कोणीतरी आत घेऊन वेडीवाकडी टीप मारलेली. समज, तिनं तो सुलटा घातला, पट्ट्या फाटकातून दिसतील असा. मग एक माणूस आला. फाटकाशी थबकला. यमुना खिडकीआडून पाहत होती. तो आत आला, चहा प्याला, आणि चूळ भरायला म्हणून पुन्हा अंगणात गेला. तेव्हा यमुना चुलीपाशी होती, तिला काही दिसलं नाही.

दुपारी ती कपडा काढायला गेली. तो उलटा केलेला होता. बाह्यासुद्धा नीट उलट्या ओढलेल्या, पट्ट्या सगळ्या आत, खिसे बाहेर काढलेले, आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून दोन्ही खांद्यांना चिमटे.

भाऊ, तू दोनदा पिक्चर पाहिलास. साक्षीदार तपासलेस. मग मला सांग, ज्यानं तो कपडा उलटा केला, तो रागावला आहे का?

रेणू


नागपूर
३० सप्टेंबर २०२५

आत्या,

रविवारी बाबा होस्टेलवर आले होते. खाली बाकावर बसले होते, मांडीवर पिशवी. मी धावत गेले आणि आरशासमोरचं वाक्य सुरू केलं, "बाबा, मला तुमच्याशी..." तर म्हणाले, "पयले हे घालून पाय." पिशवीत त्यांचा जुना चामड्याचा पट्टा होता, कमरेला हेल्मेटच्या दिव्याची बॅटरी अडकवायचा. माझ्या मापानं नवीन भोकं पाडून आणलेला.

मी तो कमरेला बांधून पाहिला. ते एकीकडे बोलत होते. बूट एक नंबर मोठा घे, आत दोन मोजे घाल. पहिल्या दिवशी पाणी जास्त पिऊ नको. छताखाली उभं राहायच्या आधी वर पाहा, मग खाली पाहा, मग पाय टाक. मी रडायला लागले तेव्हा म्हणाले, "पोळी आठवते का तुले?" आणि मग तेही रडले. बाकावर, सगळ्या पोरींसमोर. बाबा!

आत्या, मला इतका आनंद झालाय की सांगता येत नाही. आणि तुझा इतका राग आलाय की तेही सांगता येत नाही. दोन वर्षं मी त्या एका वाक्यासाठी धीर गोळा करत होते. ते वाक्य माझं होतं. त्यांनी ते माझ्या तोंडून ऐकायला हवं होतं. त्यांना आधीच माहीत होतं!

मी विचारलं, कोणी सांगितलं? म्हणाले, कोणी नाही, डांगरी दोरीवर दिसली. तू तर ती नेहमी मागे सांदवाडीत घालतेस. मग त्याच दिवशी पुढे कशी आली? तू शपथ घेतली होतीस. मला खरं सांग, मुद्दाम केलंस का?

टीना


चिखला
५ ऑक्टोबर २०२५

चि. रेणू,

टीनाचा मला फोन आला होता. ती तुझ्यावर चिडली आहे. म्हणते, आत्यानं विश्वास मोडला, आता मी करडीला जाणार नाही. मी तिला सांगितलं ते तुला कळवतो, म्हणजे आपल्या दोघांची जबानी एक राहील.

मी सांगितलं की तुझ्या आत्याला काहीएक माहीत नव्हतं. सकाळी आभाळ होतं, मागे सांदवाडीत ऊन नव्हतं, तिनं धुणं पुढे घातलं. मी येणार हे ती विसरली होती. आणि कपडा सुलटा राहिला, कारण तुझ्या आत्याला लहानपणापासून धुणं वाळत घालायची अक्कल नाही, आमची आई कायम तिच्या मागून फिरून कपडे उलटे करायची. पोरगी जरा नरमली आहे. तूही हेच सांग. यमुनेच्या बाजूनं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस ना, की तिला माहीत नव्हतं? मी माझं मत बदललं. तिला माहीत नव्हतं. खटला तू जिंकलीस.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. फाटकातून ती डांगरी दिसली तेव्हा आधी वाटलं, जावई खाणीतला आहे. मग माप पाहिलं. मग कमरेची टीप पाहिली. अशी टीप महाराष्ट्रात फक्त तू मारतेस, माझ्या पहिल्या ड्यूटीच्या पँटवर हीच होती. आणि रेणू, कळलं की ही डांगरी माझ्या टीनाचीच. राग आला. दोन वर्षं सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलं. चहा पिताना मला दादाजींचा एक शब्द ऐकू आला नाही, पहिल्यांदा आमची दोघांची गत सारखी होती. मनात म्हटलं, या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही.

मग चूळ भरायला गेलो. ऊन थेट त्या पट्ट्यांवर येत होतं. उन्हानं त्या पट्ट्या मरतात, मग अंधारात मागच्याला पुढचा माणूस दिसत नाही. माझ्या पोरीच्या पाठीवरच्या पट्ट्या. मला काही ठरवायला वेळच मिळाला नाही, हातांनी आधीच कपडा उलटा केला होता. चिमटे लावून झाल्यावर कळलं की माझा राग कुठे राहिला नाही.

वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले सहा महिन्यांपासून माहीत हाये." मी तिच्याशी अर्धा दिवस बोललो नाही. संध्याकाळी भूक लागली, बोललो.

आईला दिलेला शब्द मात्र मोडला. आता टीनाच्या पाळीला दारात मी उभा राहीन. माझी पाळी नसेल तेव्हा.

भाऊबीजेला ये. टीनाशी जुळवून घे. मी सांगितलं तेच सांग.

राजू


करडी
९ ऑक्टोबर २०२५

लाडके टीना,

तुझ्या बाबांचं पत्र आलं. मला वाचवण्यासाठी त्या माणसानं तुला जे सांगितलं ते वाचून मी आधी पोट धरून हसले आणि मग पदर तोंडाला लावला. त्यांना खोटं बोलायची सवय नाही, म्हणून त्यात आईच्या आठवणी घालाव्या लागल्या. एवढं खरं की आई माझ्या मागून कपडे उलटे करत फिरायची. पण तेव्हा मी सात वर्षांची होते.

तू मला शपथ घातलीस, मी ती पाळली. एक शब्द बोलले नाही, एक शब्द लिहिला नाही. पण शब्दाच्या मागे लपणार नाही. तुझं ते वाक्य मी तुझ्या तोंडून काढून घेतलं, हे मला माहीत आहे. दिवाळी गेली असती, तू आरशासमोरच उभी राहिली असतीस, आणि तुझ्या बाबांना सगळं त्या पिंजऱ्यात कळलं असतं. मला ते पाहवलं नसतं. तू रागाव. हवं तेवढं रागाव. बूट कोठीमागून काढून दाराशी ठेवले आहेत, डांगरीची कमर पुन्हा शिवली आहे, यावेळी टीप सरळ आली आहे. राग घेऊनच ये आणि इथे भांड, आता दादाजींपासूनही काही लपवायचं नाही.

तुझे बाबा म्हणतात, मी येणार हे आत्या विसरली होती. मी सकाळपासून फाटकाकडे पाहत होते. ते म्हणतात, आभाळ होतं.

मागे सांदवाडीत ऊन होतं, पोरी. चांगलं कडक ऊन होतं.

आत्या